कॅडेक्सोमर आयोडिन वापरून बघितलं: रंग बदलतो हे खरंय, पण तो रंग सांगतो काय?

डायबेटीसच्या पायाच्या जखमेवर लावायची कॅडेक्सोमर आयोडिनची पावडर आणि मलम, दोन्ही आम्ही घरी वापरलंय. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय कारण ऑनलाइन याचे जे रिव्ह्यू दिसतात ते एकतर 'गुड प्रॉडक्ट' एवढेच असतात नाहीतर 'पॅकिंग फाटलेलं आलं' असे, आणि ज्याच्या घरात पायाची जखम आहे त्याला त्यातून काहीच कळत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, हेच औषध आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी मिळतं, मेडिकलमध्ये 'कॅडेक्सोमर आयोडिन' म्हणून मागितलं तरी चालतं, डबीवर आयोडिन ०.९ टक्के लिहिलंय का ते बघायचं.

आईची शुगर जुनी. तळपायाला करंगळीच्या खाली भोवरीसारखं घट्ट झालं होतं, ते आतून फुटलं आणि जखम झाली, चिकट पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी वरची कडक कातडी काढून जखम साफ केली आणि हे औषध लिहून दिलं, पहिली काही ड्रेसिंग दवाखान्यातल्या सिस्टरनी केली, मग त्यांनीच मला शिकवलं आणि आता घरी मीच करते. सिस्टर एक वाक्य बोलल्या होत्या, "ताई, तपकिरी आहे तोवर हात लावू नका, पिवळट पांढरं झालं की बदला." हे एवढं वाक्य पुरेसं आहे खरं तर. पण नंतर मी ऑनलाइन स्वस्त मिळतं का बघत होते तर एका विक्रेत्याने याच प्रकारच्या ड्रेसिंगवर चक्क लिहिलं होतं की स्मार्ट ड्रेसिंग आहे, इन्फेक्शन झालं की रंग बदलून सांगतं. आणि खाली लोक विचारतायत की आमचं पिवळं झालं म्हणजे इन्फेक्शन झालं का, अँटिबायोटिक चालू करू का, आणि कोणी तरी उत्तर देतंय हो करा. हे वाचून राहवलं नाही म्हणून हे सगळं टाईप करतेय.

तर रंग बदलतो तो का, ते आधी. हे औषध म्हणजे स्टार्चपासून केलेले बारीक मणी, आणि त्या मण्यांच्या जाळीत आयोडिन अडकवून ठेवलेलं. कोरडी पावडर गडद तपकिरी दिसते. जखमेतून येणारं पाणी ते मणी शोषून घेतात, एक ग्रॅम पावडर साधारण ६ मिलीपर्यंत पाणी पिते, म्हणजे एवढुशा चिमटीच्या मानाने खूपच, आणि मणी फुगले की जाळी सैल होते आणि आतलं आयोडिन हळूहळू बाहेर पडतं. बाहेर पडतं ते जंतू मारायच्या कामाला लागतं. आयोडिन जसं संपत जातं तसा तपकिरी रंग उतरत जातो, आधी पिवळट, मग राखाडी पांढरा, आणि मण्यांचं ओलं जेल होतं. म्हणजे रंग उतरला याचा अर्थ औषध संपलं आणि पाणी पिऊन झालं, बस. जखमेतून पाणी जास्त येत असेल तर रंग लवकर उतरणार, कमी येत असेल तर उशिरा. आत जंतू किती, कुठले, वाढतायत की कमी होतायत, यातलं काहीही तो रंग सांगत नाही. स्वच्छ लाल मांस दिसणारी जखम असेल आणि नुसतं पाणी जास्त असेल तरी पिवळं होणार, आणि उलट पाणी कमी असेल आणि आत खोलवर हाडापर्यंत इन्फेक्शन गेलेलं असेल तरी वर तपकिरी रंग तसाच छान दिसत राहू शकतो. ही दुसरी गोष्ट जास्त भीतीदायक आहे. रंग गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून कोणी चार दिवस पट्टी उघडलीच नाही तर पायावर बेतेल.

आणखी एक. ते फुगलेलं पिवळट जेल दिसायला अगदी पू वाटतं. पहिल्यांदा घरात बघितलं की माणूस घाबरतोच, आमच्या मावशी बघायला आल्या होत्या त्या म्हणाल्याच, अगं केवढा पू झालाय, दवाखान्यात ने हिला. पू नव्हता, औषधच होतं. सलाईनने धुतलं की ते जेल निघून जातं आणि खालची जखम दिसते, जे काय ठरवायचं ते धुतल्यावर बघून ठरवायचं, त्याआधी नाही. हायड्रोकोलॉइडच्या ज्या चिकट पट्ट्या येतात त्यांचंही हेच, त्यांचं जखमेच्या पाण्याशी मिसळून पिवळं, थोडं वास येणारं जेल होतं आणि लोक ते बघून घाबरतात. चांदीवाली ड्रेसिंग काळपट पडतात, आसपासची कातडीसुद्धा कधी करडी दिसते, ते पण इन्फेक्शन नाही.

आता वापरायला कसं आहे. मलम आणि पावडर दोन्हींपैकी मला मलम बरं वाटलं, कारण तळपायाच्या जखमेत पावडर टिकत नाही, पाय आडवा ठेवूनसुद्धा निम्मी खाली सांडते आणि सांडलेली फरशीवर ओली झाली की डाग पडतो. मलम स्वच्छ गॉजवर साधारण ३ मिलिमीटर जाडीचा थर देऊन लावायचं आणि तो गॉज जखमेवर ठेवायचा, वर पाणी शोषणारं पॅड, मग रोलर बँडेज. फार घट्ट नाही गुंडाळायचं. पावडर खोलगट आणि जास्त पाणी येणाऱ्या जखमेला बरी पडते असं सिस्टर म्हणाल्या आणि ते पटतं. काढताना जर सुकून चिकटलं असेल तर ओढायचं नाही, सलाईन ओतून थोडा वेळ थांबायचं, ते फुगून सुटतं. याचं मला सगळ्यात कौतुक वाटलं कारण नुसता कोरडा गॉज जखमेला असा चिकटतो की काढताना नवीन आलेलं मांस बरोबर घेऊन येतो आणि रक्त येतं, इथे तसं होत नाही. लावल्यावर थोडा वेळ चुरचुरतं, आईला पायाला संवेदना कमी आहे तरी तिला जाणवलं, साधारण तासाभरात थांबलं. ज्यांना संवेदना चांगली आहे त्यांना जास्त जाणवेल. चुरचुर तासाभरानंतरही वाढतच राहिली तर मात्र काढून धुवून डॉक्टरांना फोन करावा.

वास कमी झाला हा आमच्याकडे दिसलेला सगळ्यात पहिला फरक. पाय उघडला की जो कुबट वास यायचा तो काही ड्रेसिंगनंतर जवळजवळ गेला, आई स्वतःच म्हणाली की आता कोणी शेजारी बसलं तर लाज वाटत नाही. जखमेच्या तळाशी जो बुळबुळीत पिवळा थर बसतो, ज्याला डॉक्टर स्लफ म्हणतात, तो पण सुटत गेला. जंतू जखमेवर एक प्रकारचा चिकट पडदा करून राहतात, बायोफिल्म म्हणतात, त्याच्या आत बरीच औषधं पोचत नाहीत आणि या मण्यांचा उपयोग तिथे होतो असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी डॉक्टर नाही त्यामुळे यापुढे त्यात शिरत नाही, पण जखमेचा तळ पिवळ्याचा लाल होत गेला हे डोळ्यांनी बघितलंय.

आणि तो रंगाचा इशारा घरी करणाऱ्यासाठी खरोखर कामाचा आहे, हे पण तितकंच मनापासून सांगते. रोज उघडून बघायची सवय सगळ्यांना असते, भीतीपोटी असते, आणि प्रत्येक वेळी उघडलं की जखम गार पडते, हात लागतात, नवीन आलेली कातडी दुखावते. इथे पॅडच्या कडेने बघितलं की तपकिरी आहे, मग राहू दे. साधारण आठवड्यातून ३ वेळा बदलावं लागतं, सुरुवातीला पाणी जास्त असताना रोजसुद्धा. फुकट बदलाबदली वाचते आणि हे औषध स्वस्त नाहीये, साध्या पोव्हिडोन आयोडिनच्या ट्यूबच्या कितीतरी पट पैसे जातात, त्यामुळे ते वाचणं महत्त्वाचं. मात्र ज्यांच्या पायाला डायबेटीसची जखम आहे त्यांनी पट्टी न उघडताही पाय रोज बघायचाच, म्हणजे पट्टीच्या वरचा भाग, बोटांच्या मधे, घोटा, पोटरी. सूज पट्टीच्या वर चढतेय का, कातडी ताणून चकचकीत दिसतेय का, ते पट्टी असतानाही दिसतं.

आता जे लोक रंगाने इन्फेक्शन सांगणारं ड्रेसिंग शोधतायत त्यांच्यासाठी. अशी ड्रेसिंग खरंच तयार झालीयेत, पण मी वाचलेली सगळी प्रयोगशाळेतली कामं आहेत, तुमच्या माझ्या मेडिकलच्या कपाटात ती नाहीत. इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीत टोबी जेन्किन्स आणि त्यांच्या टीमने जळालेल्या लहान मुलांचा विचार करून एक केलंय, २०१५ मध्ये त्याची बातमी आली होती. त्यात जेलच्या थरात रंगाच्या अगदी सूक्ष्म कुप्या असतात, रोग करणारे जंतू जे विष सोडतात त्याने त्या कुप्या फुटतात आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ड्रेसिंग हिरवं चमकतं. मला यातली कल्पना फार आवडली कारण नुसते जंतू असणं आणि जंतूंनी विष सोडून नुकसान करायला सुरुवात करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, कुठल्याही उघड्या जखमेवर जंतू असतातच, प्रत्येकाला अँटिबायोटिक लागत नाही. जळालेल्या मुलाला नुसता ताप आला की इन्फेक्शनच्या भीतीने पट्टी काढायची, त्या पोराचं रडणं, आणि बऱ्याचदा आत काही नसतंच, ते टळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

चीनमध्ये चांगचुनच्या केमिस्ट्री इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी २०२० मध्ये हिरवी पट्टी केली, जंतू वाढले की पिवळी होते आणि पिवळी होतानाच अँटिबायोटिक सोडते, आणि औषधाला दाद न देणारे जंतू असतील तर लाल होते. उंदरांवर करून बघितलंय. स्वीडनमध्ये लिंकोपिंग युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये नॅनोसेल्युलोजची पट्टी दाखवली, तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा रंग आहे, जखमेचा पीएच, म्हणजे ती आंबट बाजूला आहे की खाऱ्या ते सांगणारा आकडा, ७ च्या वर गेला की पिवळ्याची निळी होते, पट्टी न काढता वरूनच दिसतं. आणि अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका शाळकरी मुलीने बीटाच्या रसात टाके घालायचा दोरा रंगवून बघितला होता, २०२१ मध्ये तिचं खूप कौतुक झालं, पीएच ९ च्या आसपास गेला की तो लालचा गडद जांभळा होतो. तिचं म्हणणं मला पटलं होतं, की इन्फेक्शन ओळखायला सेन्सर बसवलेले महागडे टाके गरीब देशांत कोण घेणार, बीट कुठेही मिळतं.

पीएचवर रंग बदलणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं शिकवायला नको, हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लालभडक होतो तेच हे. चांगल्या कातडीचा पीएच आंबट बाजूला असतो, साधारण ५ च्या आसपास, आणि जुनाट न भरणारी जखम खाऱ्या बाजूला जाते, ७ ते ९. म्हणून निळं होणारी पट्टी. पण इथेच एक अडचण आहे, चीनवाल्यांची पट्टी जंतूंनी केलेल्या आंबटपणावर पिवळी होते आणि स्वीडनवाल्यांची खारेपणावर निळी, दोघंही म्हणतायत इन्फेक्शन. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, जंतू कुठला, जखम ताजी की जुनी, त्यावर पीएच कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. पण म्हणून नुसत्या पीएचच्या रंगावर अँटिबायोटिक चालू करता येणार नाही, आणि उद्या बाजारात अशी पट्टी आली तरी 'नेमकी कशामुळे रंग बदलते' हा प्रश्न तुम्ही दुकानदाराला विचारायलाच हवा. विषाने बदलते, पीएचने बदलते, का नुसती ओली झाली म्हणून बदलते?

कारण तिसऱ्या प्रकारची आजही मिळतात आणि तीच स्मार्ट म्हणून खपवली जातात. एका हायड्रोकोलॉइड पट्टीवर हिरवी रेघ छापलेली असते, ओल त्या रेघेपर्यंत आली की बदला. निळा फोम मिळतो, त्यात मिथिलीन ब्लू आणि जेन्शियन व्हायोलेट असतं, निळा रंग उतरून फोम पांढरा पडला की बदला. नारिंगी रंगाची पोव्हिडोन आयोडिनची जाळी मिळते, नारिंगी उतरलं की बदला. आपलं कॅडेक्सोमर याच घरातलं. सगळी चांगली आहेत, सगळी 'बदला' म्हणतात, एकही 'इन्फेक्शन' म्हणत नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या कागदावर साधारण असंच लिहिलेलं असतं, घोळ होतो तो मधल्या विक्रेत्यांच्या वर्णनात.

मोठ्या दवाखान्यांसाठी जांभळ्या प्रकाशाचा कॅमेरा पण निघालाय, जखमेवर धरला की बरेचसे जंतू लाल चमकतात आणि स्यूडोमोनास नावाचे जंतू हिरव्या निळ्या रंगात. पण ते डॉक्टरांचं यंत्र, घरचं नाही.

आणि स्यूडोमोनासचं नाव निघालंच आहे तर, हा एक जंतू स्वतःच रंग सोडतो. साध्या पांढऱ्या गॉजवर हिरवट निळसर डाग पडतो आणि एक विचित्र गोडसर वास येतो, शिळ्या द्राक्षांसारखा म्हणतात. त्यासाठी कुठलंच स्मार्ट ड्रेसिंग लागत नाही, पांढरा गॉज पुरतो. म्हणून माझं म्हणणं असं की काढलेलं ड्रेसिंग लगेच गुंडाळून फेकू नका, आधी उजेडात नीट बघा, वास घ्या, मग कचऱ्यात टाका. फक्त कॅडेक्सोमरचा तपकिरी पिवळा रंग सगळीकडे लागलेला असतो त्यात हिरवट छटा लपू शकते, शंका आली तर धुतल्यावर एक कोरडा पांढरा गॉज जखमेवर थोडा वेळ ठेवून बघा.

या औषधाचा मला जाणवलेला खरा दोष तोच, आजूबाजूच्या कातडीला रंग लागतो. इन्फेक्शनची लाली पसरतेय का हे बघायचं असतं नेमकं तिथेच आयोडिनचा पिवळा तपकिरी डाग. आपल्या सावळ्या कातडीवर लाली आधीच कमी दिसते, त्यात हा डाग. मी काय करते ते सांगते, धुतल्यावर जखमेच्या कडेपासून चारही बाजूंनी बघते, दुसऱ्या पायाशी तुलना करते, आणि धुतलेल्या हाताची मागची बाजू लावून बघते की एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का. हाताला गरमपणा बरोबर कळतो. दर रविवारी एकाच जागी, खिडकीपाशी, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढते आणि डॉक्टरांना पाठवते, रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

डॉक्टर जी खूण धरतात ती अशी आहे आणि ही प्रत्येक घरात माहिती पाहिजे. सूज किंवा घट्टपणा, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, दुखणं किंवा हात लावू न देणं, गरमपणा, पू. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर इन्फेक्शन समजायचं आणि दाखवायला जायचं. लाली २ सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली किंवा आत खोल शिरलंय असं वाटलं तर उद्यावर टाकायचं नाही. आणि ताप ३८ सेल्सियसच्या वर, नाडी ९० च्या वर, दम लागतोय, माणूस गुंगीत वाटतोय, असं असेल तर सरळ हॉस्पिटल, रात्र असो की काही असो. यात दोन गोष्टी डायबेटीसवाल्यांना फसवतात, एक म्हणजे पायाच्या नसा बधिर असल्या की दुखत नाही, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच जणांना पायात मोठं इन्फेक्शन असूनही ताप येत नाही. 'दुखत नाहीये ना, मग ठीक आहे' हे वाक्य आमच्याकडे बंद करून टाकलंय. शुगर कारण नसताना एकदम वर जायला लागली तर तोही इशारा, कित्येकदा जखमेच्या आधी ग्लुकोमीटर सांगतो.

कोणी वापरू नये हे तर या रिव्ह्यूमधलं सगळ्यात महत्त्वाचं आणि विक्रेत्यांच्या पानावर ते मला शोधूनही सापडलं नाही. आयोडिन कातडीतून रक्तात जातं. थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांना, आयोडिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे लावायचं नाही. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांनी जपून ठरवायचं. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचं. एका वेळी ५० ग्रॅमच्या वर नाही, आठवड्याला १५० ग्रॅमच्या वर नाही, आणि सलग ३ महिन्यांच्या वर नाही. आमच्या डॉक्टरांनी लिहून देण्याआधी आईचं थायरॉईड आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) दोन्ही बघितलं होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू थायरॉईडची गोळी घेतात, त्यांच्या घोट्याला जखम आहे, आईचा फरक बघून त्या मागायला आल्या, ताई थोडं मलम दे. मी दिलं नाही, त्यांना वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला फोन करून कारण सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांना वेगळंच ड्रेसिंग मिळालं. एकमेकांचं मलम वापरायची जी आपल्याकडे सवय आहे ती या औषधाच्या बाबतीत फार महागात पडेल. कोरडी काळी खपली बसलेली जखम असेल तरी हे उपयोगाचं नाही, त्याला शोषायला पाणीच नसतं.

आतला माहितीचा कागद फक्त इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. आम्हाला जी डबी मिळाली तिच्यावर रंग कधी बदलतो आणि तेव्हा काय करायचं याचं एकही चित्र नाही. ज्या औषधाचं अर्धं काम रंगावर चालतं त्याच्या खोक्यावर तीन रंगाचे तीन ठिपके आणि मराठी हिंदीत तीन ओळी छापायला किती खर्च येणार आहे? गावाकडे हे औषध लावणारी सून किंवा मुलगाच असतो, सिस्टर रोज जात नाही. मी स्वतः एका कागदावर स्केचपेनने तीन रंग रंगवून खाली लिहून आईच्या पलंगाजवळ चिकटवलंय: तपकिरी, राहू दे. पिवळट, आज बदल. पांढरट, लगेच बदल. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: सूज, लाली, गरम, वास, पू दिसला तर रंग कुठलाही असो, फोन कर. मी बाहेरगावी गेले तर भाऊ करतो, त्याला तो कागद पुरतो.

हे औषध लावलं आणि त्याच पायावर चालत राहिलं तर उपयोग नाही, हे पण सांगायलाच हवं. तळपायाच्या जखमेवरचं वजन काढणं हा इलाजाचा मोठा भाग आहे, डॉक्टरांनी आईला जखमेच्या जागी खळगा असलेली मऊ चप्पल करून दिली, ती घरातसुद्धा घालायची, देवघरातही. यावरून आमच्याकडे बरंच बोलणं झालं, शेवटी देवघरासाठी वेगळी स्वच्छ चप्पल केली आणि आई तयार झाली. जखमेत हळद भरणं, दगडी पाल्याचा रस पिळणं हे सल्ले रोज कोणी ना कोणी देतंच, लहानपणी खरचटल्यावर आम्हालाही दगडी पाला लावलाय, पण बधिर पायाच्या खोल जखमेत मी काही भरू दिलं नाही. आणि वांगं, भात बंद करा म्हणजे पू होत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की जखम भरायला प्रोटीन लागतं, डाळ, अंडी, दही चालू ठेवा आणि शुगर ताब्यात ठेवा.

घ्यावं का? डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं असेल, थायरॉईड आणि किडनी ठीक असेल, जखमेतून पाणी आणि वास येत असेल तर हो, आमच्याकडे याने काम केलंय, मी ५ पैकी ४ देईन. एक मार्क कापला तो रंग लागून लाली लपते त्याचा आणि त्या इंग्रजी कागदाचा. किंमत जास्त आहे पण बदलायची वेळ रंगावरून कळते म्हणून फुकट जात नाही. मोठ्या डबीपेक्षा लहान ट्यूब घ्या, उघडल्यावर झाकण घट्ट लावा. आणि ज्या पानावर 'इन्फेक्शन ओळखतं' असं लिहिलंय तिथे खाली कॉमेंटमध्ये विचारा की हे तुमच्या कंपनीच्या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवा. मी विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही, आलं तर इथेच लिहीन.